क्रिमिनॉलॉजी करू का पीएसआयची तयारी?

प्रश्न: ताई, मी सांगलीची, बीए सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. क्रिमिनॉलॉजीत एमए करायचंय पण पप्पा म्हणतात त्यापेक्षा पीएसआयची तयारी कर. काय करू?

उत्तर: अगं, पप्पांचं अर्धं बरोबर आहे, पीएसआयला कुठलीही पदवी चालते, त्यासाठी एमए कशाला. पण क्रिमिनॉलॉजी म्हणजे नुसतं चोर पकडणं नव्हे ना, माणूस गुन्ह्याकडे का वळतो, जेलमधून सुटल्यावर त्याचं पुढे काय होतं, पीडितांकडे कोण बघतं हे सगळं त्यात येतं आणि तुझं सायकॉलॉजी तिथे कामालाच येतं. मुंबईच्या टिसचा (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून कैद्यांसोबत काम करतोय, तो आधी वाचून काढ. गांधीनगरची नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीपण बघ, तिथेही क्रिमिनॉलॉजी शिकवतात.

फक्त एक घोळ करू नकोस, बऱ्याच मुली करतात. जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी कायद्यात सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक टीमने, म्हणजे पुरावे शास्त्रीय पद्धतीने तपासणाऱ्यांनी, घटनास्थळी जायचं असं आलंय, त्यामुळे सगळे फॉरेन्सिक फॉरेन्सिक करतात, पण लॅबच्या बहुतेक नोकऱ्यांना सायन्सची पदवी लागते, नुसत्या बीएवर ते जमणं कठीण. तुझी वाट प्रोबेशन (म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांसोबतचं काम), बालसुधार, समुपदेशन अशी. पगार सुरुवातीला बेताचाच हां, हे पप्पांना आधीच सांगून टाक.