टोरांटोत मुलांसाठी फ्रेंच-इंग्रजी खाजगी शाळा कशी निवडावी?

तुमचा प्रश्न असा: घर गोव्यात फोंड्याला, नोकरी वेर्ण्याच्या औषध कंपनीत, आता तीन वर्षांच्या वर्क परमिटवर टोरांटोला बदली. मोठी मुलगी नऊ वर्षांची, मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत. धाकटा चार वर्षांचा, बालवाडीत. घरी कोकणी. दोघांना फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही शिकवणारी खाजगी शाळा हवी आहे, निवासी नको. ती कशी पारखायची?

फी भरण्याआधी फुकटात काय मिळतं ते बघून घ्या, कारण खाजगी शाळा त्याच मापाने मोजायची आहे. टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ओंटारिओत वर्क परमिटवर आलेल्यांच्या मुलांना सरकारी शाळेत फी नसते. इंग्रजी सरकारी शाळांमध्येच ‘फ्रेंच इमर्शन’ नावाची तुकडी असते. प्रांताच्या नियमाप्रमाणे त्या तुकडीतल्या मुलाला आठवी संपेपर्यंत किमान ३,८०० तास फ्रेंचमधून शिकवावं लागतं. शाळेचा दिवस पाच तासांचा धरला, तर हा जवळपास निम्मा वेळ झाला. फ्रेंच नुसता एक विषय म्हणून शिकवतात त्या साध्या ‘कोअर फ्रेंच’मध्ये हाच आकडा ६०० आहे. म्हणजे खाजगी शाळा ‘आम्ही ५० टक्के फ्रेंच शिकवतो’ म्हणत असेल, तर ती तुम्हाला फुकटातलीच गोष्ट विकते आहे. तिथे पैसे कशाचे, हे तिने सांगायला हवं: लहान वर्ग, चांगले शिक्षक, की मधल्याच इयत्तेत प्रवेश.

टोरांटोच्या सरकारी मंडळात इमर्शन सिनियर केजीपासून सुरू होतं आणि अर्ज मूल ज्युनियर केजीत असतानाच करावा लागतो. शेजारच्या पील मंडळात, म्हणजे मिसिसागा-ब्रॅम्प्टनकडे, ते पहिलीपासून आहे. त्यामुळे घर कुठे घेता यावर धाकट्याचं बरंच ठरेल. तिसरी वाट पूर्ण फ्रेंच माध्यमाच्या सरकारी शाळांची, उदाहरणार्थ व्हियामोंद मंडळाच्या. त्या मूळच्या फ्रेंच भाषकांसाठी आहेत, पण इतरांची मुलंही प्रवेश समितीमार्फत घेतात. फक्त शाळेतून येणारी प्रत्येक चिठ्ठी फ्रेंचमध्ये असेल.

आता खाजगी शाळा. ‘बायलिंग्वल’ या एका पाटीखाली तीन वेगळ्या जातीच्या शाळा असतात.

पहिली जात फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाचा अभ्यासक्रम चालवणारी. टोरांटोत ‘लिसे फ्रान्से द टोरांटो’ हे तिचं उदाहरण. अशा शाळेला मंत्रालयाची मान्यता असते आणि ती टप्प्याटप्प्याने मिळते: बालवर्ग, प्राथमिक, कोलेज (माध्यमिक), लिसे (उच्च माध्यमिक). एखाद्या शाळेला फक्त प्राथमिकपर्यंतच मान्यता असू शकते. म्हणून ‘मान्यता आहे का’ असं न विचारता ‘कुठल्या वर्गापर्यंत आहे’ असं विचारा आणि मंत्रालयाच्या दरवर्षीच्या यादीत ताडून बघा. या मान्यतेचा खरा फायदा बदलीच्या नोकरीवाल्यांना होतो. एका मान्यताप्राप्त शाळेतून जगातल्या दुसऱ्या मान्यताप्राप्त शाळेत जाताना प्रवेशपरीक्षा द्यावी लागत नाही. भारतात मात्र अशा शाळा दिल्ली, मुंबई, पुदुच्चेरी अशा मोजक्याच शहरांत आहेत. परत फोंड्याला यायचं असेल तर हा फायदा कागदावरच राहतो.

दुसरी जात ओंटारिओचा किंवा आयबीचा (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) अभ्यासक्रम दोन्ही भाषांतून शिकवणारी. १९६२ साली सुरू झालेली टोरांटो फ्रेंच स्कूल, आता टीएफएस, या प्रकारातली. (दोन्ही नावं प्रकार कळावा म्हणून दिली, शिफारस म्हणून नव्हे.) तिसरी जात म्हणजे मुळात इंग्रजी शाळा, रोज एक तास फ्रेंच आणि माहितीपत्रकावर आयफेल टॉवर. तिच्याबद्दल जास्त लिहायची गरज नाही.

यातली कुठली घ्यायची, हे मूल शेवटी कुठली परीक्षा देणार यावरून ठरवा. तीन वर्षांनी परतणार असाल तर पहिल्या जातीच्या शाळेत मोठीला घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तीन वर्षांतलं पहिलं भाषा पकडण्यात जाईल, दुसऱ्यात ती रुळेल आणि तिसऱ्यात दाखला काढाल. पी.आर. (कायम वास्तव्याचा परवाना) घेऊन राहणार असाल तर गोष्ट वेगळी. मग दोन्ही जाती बघा. पण फ्रेंच बाकालोरेआ (फ्रान्सची शाळेअखेरची परीक्षा), आयबी डिप्लोमा आणि ओंटारिओचा हायस्कूल डिप्लोमा यांपैकी शाळा नेमकं काय देते, हे लेखी घ्या.

ओंटारिओची एक गोष्ट आपल्याकडच्या पालकांना खरी वाटत नाही. तिथे शाळेच्या वयाची पाच मुलं असली की खाजगी शाळा उघडता येते. सरकार तिला अनुदान देत नाही आणि शिक्षण खात्याची तपासणी होते ती हायस्कूल डिप्लोमाचे क्रेडिट देणाऱ्या शाळांची. फक्त प्राथमिक चालवणाऱ्या शाळेत तपासनीस फिरकेलच असं नाही. खाजगी शाळेतल्या शिक्षकाकडे प्रांताचा परवाना असण्याची सक्तीही नाही. पण ओंटारिओ कॉलेज ऑफ टीचर्सची नोंदवही सर्वांना खुली आहे. वर्गशिक्षकाचं नाव विचारा आणि तिथे शोधा. नाव सांगायला कुरकुर करणारी शाळा यादीतून काढलेली बरी.

सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे वेळापत्रक. मुलं ज्या वर्गात जाणार, त्या वर्गाचं पूर्ण आठवड्याचं वेळापत्रक मागवा आणि पेन घेऊन बसा. समजा आठवड्याचे २५ तास आणि शाळा म्हणते निम्मे फ्रेंच, म्हणजे साडेबारा. त्यात जिम, संगीत, चित्रकला आणि वाचनालय मिळून ५ तास असतील तर ते वेगळे काढा, कारण जिममध्ये ‘धाव, थांब, चेंडू टाक’ एवढ्यावर भागतं. उरले साडेसात. या साडेसातात गणित आहे का, विज्ञान आहे का, लेखन किती? गणित कुठल्या भाषेत, हा प्रश्न खास विचारा. काही शाळा पाचवी-सहावीपासून गणित इंग्रजीत नेतात आणि मुलांची फ्रेंच तिथून पातळ होत जाते.

टोरांटोत इंग्रजी रस्त्यावर, दुकानात, बसमध्ये सगळीकडे आहे. ती मुलांना येणारच. फ्रेंच मात्र फक्त शाळेत. म्हणून लहान वयात फ्रेंचचा वाटा निम्म्याहून जास्त असलेली शाळा मी पसंत करेन. अशा मुलांचं इंग्रजी वाचन आणि शुद्धलेखन सुरुवातीला मागे पडलेलं दिसतं आणि इंग्रजीचे तास सुरू झाले की भरून निघतं. १९६५ साली माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्टमध्ये पहिला इमर्शन वर्ग निघाला, तेव्हापासून हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्याच वर्गांचं दुसरं निरीक्षण कोणी फारसं सांगत नाही. मुलांचं ऐकणं आणि वाचणं फ्रेंच मुलांच्या जवळ जातं, बोलणं-लिहिणं मात्र मागे राहतं. कारण फ्रेंच बोलणारं माणूस म्हणजे एकट्या बाई, आणि मधल्या सुट्टीत सगळी मुलं इंग्रजीत. तेव्हा वर्गात किती मुलांच्या घरी फ्रेंच बोलतात ते विचारा. व्हिडिओवर शाळा दाखवतील तर रंगवलेल्या भिंती बघत बसू नका. मधल्या सुट्टीत मैदानावर कॅमेरा न्यायला सांगा, किंवा निदान तिसरीच्या मुलाने स्वतः लिहिलेल्या फ्रेंच निबंधाचं एक पान मागा, दुरुस्त्यांसकट.

मोठीचा प्रश्न धाकट्यापेक्षा कठीण आहे. तिला इंग्रजी बेताची, फ्रेंच शून्य. जमेची बाजू अशी की ती मराठी नीट वाचते-लिहिते. ज्याला एका भाषेत वाचून समजून घ्यायची सवय आहे, त्याला दुसरी लिपी शिकणं हे नुसतं कष्टाचं काम उरतं. पण चौथीच्या वर्गात फ्रेंच मुलांशेजारी तिला थेट बसवलं तर ती सहा महिने गप्प बसेल. शाळेत नव्या मुलांसाठी फ्रेंचचा वेगळा वर्ग आहे का, आठवड्याला किती तास, किती महिने, आणि त्या वेळात तिचा नेहमीच्या वर्गातला कुठला विषय बुडतो, हे विचारा. ‘मुलं पटकन शिकतात हो’ हे उत्तर मिळालं तर तसा वर्ग नाही असं समजा.

प्रवेशाच्या चाचणीत गणित भाषेपासून वेगळं तपासा, सूचना तोंडी सांगा, अशी विनंती आधीच करून ठेवा. नाहीतर शाब्दिक उदाहरण वाचता आलं नाही म्हणून गणित कच्चं ठरतं आणि एक वर्ग मागे बसवायचा प्रस्ताव येतो. गणित वयाप्रमाणे असेल तर तो मान्य करू नका. फ्रेंच पद्धतीत काही गोष्टी दिसायलाच वेगळ्या असतात: दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम, भागाकारात भाजक उजवीकडे, सुरुवातीपासून अक्षरं एकमेकांना जोडून (कर्सिव्ह) लेखन, आणि गुण २० पैकी. २० पैकी १४ बघून घाबरू नका, ते चांगले गुण आहेत.

इयत्तेचा घोळ इथेच सोडवून टाका. ओंटारिओत आणि फ्रेंच पद्धतीतही वर्ग जन्मसालावरून ठरतो, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. ज्या वर्षी मूल सहा पूर्ण करतं, त्या सप्टेंबरात पहिली, फ्रेंचमध्ये ‘सेपे’. नऊ पूर्ण करतं तेव्हा ग्रेड चार, फ्रेंचमध्ये ‘सेएमअं’. आपल्याकडे जूनच्या तारखेवर ठरत असल्याने वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेली मुलं तिथे एक वर्ग पुढे जाऊ शकतात. धाकट्याला उलट घाई नाही. चार पूर्ण होणाऱ्याचा वर्ग फ्रेंच पद्धतीत ‘मुआयेन सेक्सिऑं’, तिथे वाचन शिकवत नाहीत. खरं वाचन सेपेमध्ये. त्याआधी दोन वर्षं कानावर फ्रेंच पडली तर तो इतरांच्या बरोबरीने वाचायला बसेल.

जाण्याआधी मोठीला पणजीच्या आलियांस फ्रांसेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत घालता आलं तर घाला. ए-वन या अगदी पहिल्या पातळीला साधारण शंभर तास लागतात. मुलांसाठी ‘डेल्फ प्रिम’ परीक्षा असते. तिचं प्रमाणपत्र शाळेला दाखवता येतं, पण खरा फायदा एवढाच की पहिल्या दिवशी तिला ‘वही काढा’ कळेल. आणि कोकणी-मराठी घरात चालू ठेवा. कुठली शाळा ‘घरी इंग्रजीच बोला’ असा सल्ला देत असेल, तर तिला दुभाषिक शिक्षणाचं काही कळत नाही.

कागदांत अडकतं ते लसीकरणावर. ओंटारिओचा कायदा खाजगी शाळांनाही लागू आहे. तिथे गोवर, गालगुंड, रुबेला तिन्हींची नोंद लागते. २०१० किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना कांजिण्यांचीही, शिवाय मेनिंगोकॉकलची (एका प्रकारच्या मेंदूज्वरावरच्या लसीची). आपल्या सरकारी वेळापत्रकात एमआर (गोवर-रुबेला) आहे, त्यात गालगुंड येत नाही, आणि नवव्या महिन्याचा डोस तिथे मोजत नाहीत, कारण पहिला डोस पहिल्या वाढदिवसानंतरचा लागतो. कार्ड घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि राहिलेले डोस निघण्याआधी गोव्यातच घ्या. त्याशिवाय मागल्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं शाळेच्या सही-शिक्क्याने आणि इंग्रजी भाषांतरासह, जन्मदाखला आणि पासपोर्ट.

अर्जांचा हंगाम शरद ऋतूत सुरू होऊन जानेवारीपर्यंत चालतो. उशीर झाला तरी फोन करा, जून-जुलैत बदल्या होतात आणि जागा सुटतात. वर्ग सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीनंतर भरतात, म्हणजे बरेचदा चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आगेमागे. चवथ करून मग जाऊ, असा बेत असेल तर तो मोडा. नव्या मुलांची पातळी पहिल्या तीन आठवड्यांतच ठरते.

फीची चौकशी करताना फलकावरच्या आकड्यावर थांबू नका. अर्जशुल्क परत मिळत नाही, प्रवेशाची अनामतही बहुधा नाही. बस वेगळी (तिथे गोव्यातल्या बालरथासारखी सरकारी योजनेची शाळाबस नाही), दुपारचं जेवण वेगळं, संध्याकाळी साडेतीननंतरची देखरेख वेगळी. बऱ्याच शाळांत शेंगदाणे आणि काजू डब्यात चालत नाहीत, ते आधीच विचारून घ्या. कंपनी फी भरणार असेल तर कॅनडात ती साधारणपणे तुमच्या पगारात धरून कर लागतो, तेव्हा ती रक्कम कराआधीची की नंतरची, हे एचआरकडून लेखी घ्या. आणि करारातलं माघारीचं कलम सहीआधी वाचा. ठरावीक तारखेनंतर नाव काढलं तर वर्षाची पूर्ण फी देणं लागतं, असं त्यात बहुधा असतं. परमिट नाकारलं किंवा लांबलं तर अनामत परत मिळेल, अशी एक ओळ घालून मागा. बाहेरदेशच्या कुटुंबांना बऱ्याच शाळा ती देतात, पण मागितल्याशिवाय नाही.