म्हापशाचं दुकान, मडगावची शाखा, एकच मायएसक्यूएल: तिन्हीकडे चालेल असं हलकं साधन कोणतं?

प्रश्न असा आहे: म्हापशाच्या काजूच्या दुकानात उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) मायएसक्यूएल ८ हा डेटाबेस चालतो, हिशेबनिसाकडे ४ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप, मडगावला मॅक. हा डेटाबेस बघायला आणि दुरुस्त करायला सगळीकडे चालणारं, हलकं, शक्यतो मोफत साधन हवंय.

दोन घ्या. रोजचे आकडे बघणाऱ्यांना बीकीपर स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती द्या. टेबलांची रचना आणि दुरुस्ती ज्या एका माणसाकडे आहे, फक्त त्याच्याकडे डीबीव्हर कम्युनिटी. दोन्ही विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतात. बीकीपर वापरायला सुटसुटीत, पण ते इलेक्ट्रॉनवर बांधलंय, म्हणजे आत अख्खा क्रोमियम ब्राउझर असतो. ४ जीबीवर शेजारी क्रोमचे वीस टॅब उघडे असतील तर तेही अडखळणार. डीबीव्हर जावावरचं, उघडायला वेळ घेतं. जावा वेगळं घालावं लागत नाही, मात्र पहिल्या जोडणीच्या वेळी ड्रायव्हर (डेटाबेसशी बोलणारा छोटा प्रोग्राम) नेटवरून उतरतो, तेव्हा ते काम नेट चालू असतानाच उरकून घ्या.

खरी मेहनत मात्र सर्व्हरवर आहे, आणि ती आधी करा. रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या युजरचा, पासवर्ड कोणालाच देऊ नका. फक्त सिलेक्टचा (नुसतं वाचण्याचा) अधिकार असलेला एक युजर बनवा आणि बघणाऱ्या सगळ्यांना तोच द्या. मग बटण कुठलंही दाबलं गेलं तरी साठ्याचं टेबल शाबूत राहतं.

जोडणी एसएसएच टनेलनेच (सर्व्हरपर्यंतच्या कूटबद्ध वाटेनेच) करा, दुकानातल्या दुकानातसुद्धा. उबुंटूवर मायएसक्यूएल मुळात १२७.०.०.१ वरच, म्हणजे त्याच मशिनवरून आलेलंच, ऐकतं. ते तसंच राहू द्या. राउटरवर मायएसक्यूएलचा ३३०६ पोर्ट बाहेर उघडायचा नाही म्हणजे नाही. मडगावसाठी फक्त एसएसएच उघडा, तेही पासवर्ड बंद ठेवून, किल्लीच्या फाइलवर. ब्रॉडबँडवर स्वतःचा सार्वजनिक आयपी नसेल तर पोर्ट फॉरवर्डिंग (राउटरवरून बाहेरची जोडणी आत वळवणं) चालत नाही. मग टेलस्केल (दोन्हीकडची मशिनं खासगी जाळ्यात जोडणारी सेवा) लावा.

इथे बहुतेकांची एकच चूक होते. एसएसएचच्या रकान्यात सर्व्हरचा बाहेरचा पत्ता बरोबर घालतात आणि डेटाबेसच्या होस्टच्या रकान्यातही तोच घालतात. होस्टच्या रकान्यात १२७.०.०.१ हवं, कारण टनेलच्या पलीकडे उभं राहून डेटाबेस तिथेच दिसतो. त्याच कारणाने युजरही 'लोकलहोस्ट'चा लागतो. सर्व्हरवर नाव शोधणं बंद असेल (स्किप नेम रिझॉल्व्ह), तर १२७.०.०.१ साठी वेगळा युजर बनवा.

एरर आला की त्याचा आकडा वाचा. २००३ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलातच नाही. ११३० म्हणजे पोचलात, पण तुमच्या पत्त्याला परवानगी नाही. १०४५ म्हणजे युजर किंवा पासवर्ड जुळत नाही. डीबीव्हरमध्ये 'पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड' आलं तर ड्रायव्हर प्रॉपर्टीजमध्ये 'अलाउ पब्लिक की रिट्रीव्हल' ट्रू करा. ही मायएसक्यूएल ८ च्या नव्या पासवर्ड पद्धतीची अडचण. टनेलच्या आत हे केलं तर धोका नाही.

डीबीव्हर सुरुवातीला २०० ओळीच आणतं. खाली २०० दिसले म्हणून गिऱ्हाईकं २०० च आहेत असं धरू नका, काउंट करून बघा. हीच मर्यादा लॅपटॉपला हलकं ठेवते, ती काढू नका. साधन 'जड झालं' अशी तक्रार पुष्कळदा लाखभर ओळी एकदम ओढल्यामुळे असते.

आता आपल्याकडचा खास घोळ. गावाच्या रकान्यात कोणी मडगाव देवनागरीत लिहितं, कोणी रोमनमध्ये मारगाव, कोणी पोर्तुगीज पद्धतीने शेवटच्या 'आ'वर नाकातली खूण देऊन. मायएसक्यूएल ८ चं नेहमीचं कोलेशन (अक्षरांची तुलना करायचा नियम) रोमन 'मारगाव' खुणेसकट आणि खुणेविना एकच मानतं, पण देवनागरी मडगाव वेगळाच गट राहतो. ग्रुप बायचा (गावानुसार गट करून काढलेला) हिशेब दोन ठिकाणी फुटतो. गावांचं वेगळं टेबल करा आणि गिऱ्हाइकाच्या ओळीत त्याचा क्रमांक ठेवा. पणजीचंही तेच.

देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर आधी जोडणीचं कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) तपासा. ते बरोबर असूनही प्रश्नचिन्हंच राहिली तर मजकूर साठवतानाच गेला. बॅकअपशिवाय परत येत नाही. विचित्र रोमन अक्षरं दिसली तर तो बहुधा वाचवता येतो. टेबल यूटीएफ८एमबी४ मध्येच असावं. जुन्या यूटीएफ८ मध्ये ३ बाइटचं देवनागरी अक्षर बसतं, ४ बाइटचा इमोजी बसत नाही. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडायची असेल तर डीबीव्हरमधून काढताना बीओएम (फाइल यूटीएफ८ आहे हे सांगणारे सुरुवातीचे बाइट) घालण्याची खूण करा, नाहीतर मराठी नावं विस्कटतात.

दुरुस्ती करणाऱ्याने डीबीव्हरमध्ये जोडणीचा प्रकार 'प्रॉडक्शन' ठेवावा. रंग बदलतो आणि कमिट (बदल पक्का करणं) हाताने करावा लागतो. अपडेट चालवा, किती ओळी बदलल्या तो आकडा बघा. डब्ल्यू ३२० (काजूची एक प्रत) च्या एका मालाचा भाव बदलायचा होता आणि आकडा ४,००० आला, तर व्हेअर (कोणत्या ओळी बदलायच्या ती अट) लिहायचं राहिलंय: रोलबॅक करून बदल मागे घ्या. मात्र मायआयसॅम या जुन्या प्रकारच्या टेबलांवर रोलबॅक चालत नाही, आणि अल्टर (रचना बदलणं) किंवा ट्रंकेट (टेबल रिकामं करणं) दिलं की मायएसक्यूएल स्वतःच कमिट करतं. असं काही करण्याआधी मायएसक्यूएलडम्पने 'सिंगल ट्रान्झॅक्शन' लावून बॅकअप काढा आणि ती फाइल दुसऱ्या मशिनवर एकदा रिस्टोर करून बघा.