समाजमाध्यमांवर राजकीय जाहिराती असाव्यात का?

प्रश्न : निवडणूक आली की मोबाइलवर राजकीय जाहिरातींचा मारा सुरू होतो आणि त्यांतल्या कित्येक नेमक्या कोणी दिल्या, हेही कळत नाही. समाजमाध्यमांवर त्यांना सरसकट बंदीच का घालू नये?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, परंतु सरसकट बंदी मला मान्य नाही. ट्विटरने २०१९ मध्ये राजकीय जाहिराती जगभर बंद केल्या आणि मालक बदलल्यानंतर २०२३ मध्ये पुन्हा खुल्या केल्या. मतदारांना दोन्ही वेळा कोणी विचारले नाही. शिवाय बंदीचा फटका मुख्यतः नवख्या, अपक्ष उमेदवाराला बसतो. वर्तमानपत्राचे पान त्याला परवडत नाही, पण थोड्या पैशांत तालुक्यापुरती जाहिरात तो देऊ शकतो. ज्यांच्याकडे व्हॉट्सॲप गटांचे तयार जाळे आहे, त्यांचे बंदीने काहीच अडत नाही.

खरे दुखणे पैसे देणारा लपून राहतो, हे आहे. छापील पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांचे नाव-पत्ता हवाच, असे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२७अ सांगते. समाजमाध्यमांवरील जाहिरातींनाही पूर्वप्रमाणन (म्हणजे प्रसिद्धीआधी घ्यायची मंजुरी) आणि खर्चाचा हिशेब लागू असल्याचे निवडणूक आयोगाने २०१३ मध्येच स्पष्ट केले. तरीही पक्षाशी संबंध न दाखवणारे एखादे फेसबुक पान त्याच पक्षाचा प्रचार करते, तेव्हा तो खर्च उमेदवाराच्या हिशेबात येतच नाही. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांची मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला मात्र कायद्यात मर्यादाच नाही. ही मोकळीक मला सर्वांत घातक वाटते.

दुसरी गोष्ट, जाहीर सभेतले आश्वासन सगळे ऐकतात आणि विरोधक त्याला उत्तर देऊ शकतात. माणसाच्या आवडीनिवडी हेरून एकेका गटाला वेगळी जाहिरात दाखवली, तर ते उत्तर देणार कोण? गूगलने २०२० पासून निवडणूक जाहिरातींसाठी व्यक्तीविषयीचे निकष वय, लिंग आणि ठिकाण एवढ्यावर आणले. हे बंधन सर्वच कंपन्यांवर कायद्याने घालावे आणि जाहिरातीखाली पानाचे नव्हे, तर प्रत्यक्ष पैसे मोजणाऱ्याचे नाव सक्तीचे करावे.

आचारसंहितेच्या काळात निनावी जाहिरात दिसल्यास पानाचे नाव आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढून जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी.