फ्रेट घासायला देण्याआधी नेक बघा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि आज सकाळी लोकलमध्ये पुन्हा वाचली. एप्रिलमध्ये सेकंडहँड चार तारांचा बेस गिटार घेतला, दोन महिने छान वाजला, जूनच्या मध्यापासून जी आणि डी तारेवर पहिल्या तीन-चार फ्रेटना (नेकवर, म्हणजे गिटारच्या लांब दांड्यावर, आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या) तार झणझणायला लागली. दुकानदार म्हणतो, फ्रेट घासून सारखे करावे लागतील, साडेतीन हजार. देऊ का, असं तुम्ही विचारलंय.

नका देऊ. निदान आत्ता, भर पावसाळ्यात तरी नका देऊ.

सूर लावणं, केबल, बॅटरी वगैरे तुम्ही पाहिलंच असेल, त्यात जात नाही. मी काही कारागीर नाही. नोकरी करून शनिवार-रविवारी वाजवणारा माणूस आहे, आमचा सात जणांचा ग्रुप जुनी हिंदी-मराठी गाणी करतो, गणपतीत आणि सोसायट्यांच्या कार्यक्रमात. त्यामुळे खाली जे लिहितोय ते माझ्या दोन बेसवरून आणि मित्रांच्या चार-पाच बेसवरून आलेलं आहे, तेवढंच समजा. पण तुमचं दुखणं मी स्वतः भोगलंय, अगदी महिन्यासकट.

२०१३ चा जुलै. बेस घेऊन वर्ष झालं होतं. घरात लहान मूल, भिंतीपलीकडे आजारी शेजारी, म्हणून रात्री अकरानंतर ॲम्प (आवाज वाढवणारा डबा) न लावता वाजवायचो. ॲम्पशिवाय बेसचा आवाज येतो केवढा? खोलीपुरताही नाही. मग तो ऐकू यावा म्हणून उजव्या हाताने तार ओढून ओढून मारायचो. जेवढी जोरात मारावी तेवढी तार फ्रेटवर आपटणारच. शिवाय लाकडाने पावसाळी हवा प्यायलेली. पहिल्या चार फ्रेटवर असा काही कडकडाट व्हायला लागला की मला वाटलं बेस संपला. त्याच दिवसांत ‘ॲक्शन’, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, खाली असण्याचं वेड डोक्यात भरलं होतं. व्हिडिओत दिसणारे वादक फुंकर मारल्यासारखी बोटं ठेवतात, तार फ्रेटला जवळजवळ चिकटलेली असते, आपलीही तशीच हवी.

शहरातल्या एका नावाजलेल्या दुकानात घेऊन गेलो. नाव लिहीत नाही, विचारूही नका. काउंटरवरच्या माणसाने दोनदा तार छेडली, नेककडे एकदाही डोळा लावून बघितलं नाही, आणि सांगितलं, “फ्रेट गेलेत, घासावे लागतील.” मी म्हणालो, “करा. आणि ॲक्शन जेवढी खाली येईल तेवढी खाली घ्या.”

हे शेवटचं वाक्य माझी सगळ्यात महाग चूक. त्यांना मोकळं रान मिळालं. त्यांनी फ्रेट घासले, आणि तारा आणखी खाली याव्यात म्हणून नटच्या (नेकच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) खाचाही कानसल्या. बारा दिवसांनी बेस हातात आला तेव्हा लोण्यासारखा वाजत होता. गणपती झाले, नवरात्र झाली, मी खूश. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली आणि नेक आपल्या जागी परत आली. तिथून पुढे बाराव्या फ्रेटच्या वर एक सूर धड निघेना, आणि मोकळी, म्हणजे न दाबलेली ई तार (सगळ्यात जाड) तर झांजेसारखी वाजायला लागली.

काय झालं होतं ते मला चार महिन्यांनी एका म्हाताऱ्या कारागिराने दाखवलं. बेसच्या चार तारा मिळून नेकवर ७०-८० किलोचा ताण देतात. तो तोलून धरायला नेकच्या आत लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. तारा नेकला पुढे ओढतात, सळई मागे ओढते, आणि मधलं लाकूड हवेप्रमाणे फुगतं-आक्रसतं. माझी नेक त्या पावसाळ्यात मागे झुकली होती, म्हणजे मधला भाग वर आलेला. (तुमची कुठल्या बाजूला जाईल ते लाकडावर आणि सळईवर आहे. सगळ्या नेक एकाच दिशेने जातात असं मला कुणी सांगितलं तर मी मानणार नाही.) दुकानाने त्या वर आलेल्या मधल्या फ्रेटनाच घासून खाली आणलं. हवा सुकल्यावर नेक पुढे वाकली, आणि घासलेला भाग खड्ड्यात गेला. जे काम सळईच्या अर्ध्या वळशाचं होतं ते त्यांनी कानशीने केलं. सळईचा वळसा उलटा फिरवता येतो, घासलेला धातू परत येत नाही.

त्या कारागिराने स्टीलची पट्टी माझ्या फ्रेटवर नेकच्या लांबीने धरली, खालून टॉर्च लावला, आणि पट्टीखालून पाचव्यापासून नवव्या फ्रेटपर्यंत उजेडाची एक बारीक चंद्रकोर दिसली. ती मी अजून विसरलेलो नाही. सगळे फ्रेट काढून नवे बसवले, नट नवा घातला. दुकानाला दिलेले २,८०० वेगळे, हे ७,५०० वेगळे, आणि मधले दोन कार्यक्रम मित्राच्या बेसवर काढले.

दुकानात जाऊन विचारलं तर आधी म्हणाले, हवामानाचा परिणाम आहे. अहो, तेच तर मी म्हणतोय! मग म्हणाले, ॲक्शन खाली घ्यायला तुम्हीच सांगितलं होतं. हे खरं होतं, त्यामुळे गप्प बसावं लागलं. बिलावर फक्त ‘सर्व्हिसिंग’ लिहिलेलं. मूळ नट मागितला तर फेकून दिला म्हणाले, आणि नंतर कुणी फोन उचलेना. दहा वर्षं उलटून गेली तरी याचा राग जात नाही. पैशांपेक्षा जास्त राग याचा की ज्याला मी विश्वासाने वाद्य दिलं त्याने ते नीट बघितलंसुद्धा नाही. म्हणून कुठल्याही दुकानात देताना काय करणार ते बिलावर लिहून घ्या, फ्रेटचे आणि नटचे जवळून फोटो काढून ठेवा, आणि ‘कापण्या-घासण्याआधी मला फोन करा’ हे तोंडी न सांगता लिहून द्या.

आता तुमचा बेस. सूर नीट लावून तो मांडीवर वाजवायच्या स्थितीत धरा, टेबलावर आडवा टाकून बघू नका. डाव्या हाताने ई तार पहिल्या फ्रेटवर दाबा, उजव्या कोपराने किंवा करंगळीने तीच तार शेवटच्या फ्रेटवर दाबा. तार म्हणजे आता सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी बोटाने हलकं टिचकवा. ‘टक्’ असा बारीक आवाज आला तर फट आहे. तिथे साधं व्हिजिटिंग कार्ड तार न उचलता जेमतेम सरकलं तर नेक बरी आहे, मी साधारण ०.३ ते ०.४ मिलीमीटर ठेवतो. टक् आलाच नाही, तार फ्रेटवर लोळतेय, तर नेक मागे गेलीय, आणि पहिल्या तीन-चार फ्रेटवरच झणझणतंय या तुमच्या वर्णनावरून मला तेच वाटतं. उलट फट भरपूर असेल तर खालचे सूर स्वच्छ आणि वरचे खराब असं व्हायला हवं होतं. फक्त मोकळी तार वाजत असेल तर नट बघा. एकाच जागी वाजत असेल तर पुढचा एखादा फ्रेट उचकटलाय, तिथे मात्र कारागीर लागेल.

सळई सैल करायची म्हणजे बहुतेक बेसवर घड्याळाच्या उलट. एका वेळी पाव वळसा, त्याहून जास्त नाही, मग परत सूर लावा आणि रात्रभर ठेवून द्या. ॲलन की (सळई फिरवायची षटकोनी चावी) बरोबर मापाची हवी, सैल की घातली तर आतले कोपरे झिजतात आणि मग खरंच खर्च येतो. अडकतंय असं वाटलं तर जोर लावू नका, थांबा. माझा सल्ला वाचून सळई तुटली तर मी भरून देऊ शकत नाही, हे आधीच सांगतो. हात घाबरत असेल तर जाणत्याकडून समोर बसून करून घ्या, पंधरा मिनिटांचं काम आहे.

आणि त्याच्याही आधी एक गोष्ट. झणझण ॲम्पमधून ऐकू येते का? ॲम्पशिवाय ऐकू येणारी बरीचशी खरखर पिकअप (तारांखालचा आवाज टिपणारा भाग) पकडतच नाही. सरसकट स्वच्छ करायच्या मागे लागलात तर आयुष्यभर स्क्रू फिरवत बसाल. रात्री वाजवायचं असेल तर छोटा हेडफोन ॲम्प घ्या, त्याने माझा उजवा हात सुधारला तेवढा कुठल्या क्लासने सुधारला नाही. आवाज यंत्राने वाढवा, बोटाने नाही. डावं बोट फ्रेटच्या मागे अगदी लगटून ठेवा, दोन फ्रेटच्या मध्यावर दाबलं तर चांगला बेसही कुरकुरतो. रेकॉर्ड करून फोनच्या स्पीकरवर तपासू नका, मोकळी ई ४१ हर्ट्झची असते, फोनला ती झेपतच नाही, तुम्हाला फक्त वरची खरखर ऐकू येईल.

ॲक्शनबद्दल माझं मत आता पार उलटं झालंय, आणि कुणाला पटणार नाही तरी लिहितो. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत जेम्स जेमरसन वाजवायचा तो फेंडर प्रिसिजन बेस, तारा जाड आणि सपाट वेटोळ्याच्या, त्या तो जवळजवळ बदलायचाच नाही, ॲक्शन भरपूर उंच, आणि उजव्या हाताचं एकच बोट. त्या एका बोटाने ६० च्या दशकातली कितीतरी गाणी चालली. त्याचं नाव मात्र मोटाउनच्या रेकॉर्डच्या कव्हरवर यायला १९७१ साल उजाडावं लागलं. आपल्याकडे राहुल देव बर्मन यांच्याकडे बेस वाजवणारे टोनी वाझ, रहमानकडचे कीथ पीटर्स, यांची कामं हेडफोन लावून ऐका, फक्त खालचा पट्टा धरून. सूर कुठे सोडलाय, कुठे दाबून बंद केलाय ते ऐका. बेस वाजवणारी मोहिनी डे मुंबईची, तिचा वेग बघून मान खाली जाते, पण मला तिच्याकडून घ्यावंसं वाटतं ते वाजवत नसलेल्या तारा ती किती गप्प ठेवते ते. आमच्या ग्रुपमध्ये लावणीला ढोलकी असते. ढोलकीचा घुमारा आणि बेस एकाच जागेवर येतात, दोघं भरभरून वाजले की सगळा चिखल होतो. तिथे मी निम्मे सूर गाळतो आणि उरलेले आखूड वाजवतो. ढोलकीवाला मग स्वतःहून माझ्याकडे बघून हसतो. हे ॲक्शनने येत नाही.

मुद्दा सोडून एक, पण गणपती तोंडावर आहेत म्हणून लिहितोच. मांडवात बेस हातात घेऊन माइकला ओठ लावण्याआधी अर्थिंग तपासून घ्या. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होणं नेहमीचं आहे, पण माइकजवळ ओठ गेल्यावर झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. आणि प्लगची तिसरी पिन कापून गुणगुण घालवायचा सल्ला जो देईल त्याचं ऐकू नका, कितीही मोठा वादक असो.

फिंगरबोर्डला (फ्रेट बसवलेली नेकवरची लाकडी पट्टी) खोबरेल चोळू नका. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या महिन्याला बदला. बेस ओलीच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, एवढ्याने माझ्याकडचा निम्मा त्रास गेला.

कार्ड घालून बघा आणि फट किती दिसली ते इथे लिहा. तारांची जाडी आणि नेकचा बाजूने काढलेला एक फोटोही टाका, नटकडून बॉडीकडे बघत, उजेडाच्या दिशेने. शनिवारपर्यंत सवडीने बघतो. दुकानदाराला तोवर ‘विचार करून सांगतो’ एवढंच म्हणा.