डाळ चिकटवायला नको, मोजायला द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही इंदूरला राहता, थोरला तिसरीत गेलाय, धाकटी पहिलीत. सुट्टीत दोघं घरी. फळं रंगवा, भाज्या ओळखा असे कागद छापून आणले, ते पाऊण तासात संपले. घरात सासूबाई आहेत, ओव्हन नाही, मुलांना गॅसजवळ जाऊ द्यायचं नाही. खाण्यापिण्याच्या निमित्ताने थोडं गणित, थोडं वाचन, थोडं विज्ञान व्हावं अशी इच्छा आहे, आणि त्याचं रोजचं वेळापत्रक हवंय.

वेळापत्रक मी देणार नाही. स्वयंपाक रोज होतोच, त्यातलं जे त्या दिवशी जमेल ते घ्या. आठवड्यातून दोन-तीनदा झालं तरी भरपूर.

मी इंदूरलाच प्राथमिकच्या वर्गांना शिकवलं, आता नातवंडांबरोबर तेच चालू आहे. कार्डशीटवर मूग-मसूर चिकटवून मोर करणं मला कधीच पटलं नाही. डाळ वाया जाते, गोंद सांडतो, आणि मूल शिकतं ते चिकटवायला. माझी कसोटी साधी आहे. मुलाने काम नीट केलं नाही तर जेवताना ते कुणाला तरी जाणवलं पाहिजे. पोहे कमी पडले, चिठ्ठी भलत्याच डब्याला लागली, साबुदाणा टचटचीत राहिला, की मोजण्या-वाचण्याला अर्थ येतो. लुटुपुटीचं काम मुलं लगेच ओळखतात आणि तितक्याच लुटुपुटीने करतात.

रविवारचे पोहेच घ्या, इंदुरात ते तसेही होणारच. धाकटीने घरातली माणसं मोजायची, माणशी एक वाटी या हिशेबाने पोहे काढायचे. वाटी सपाट भरायची, वर डोंगर नको. पाहुणे दोन वाढले तर? बाबा दीड माणसाचं खातात तर? पहिलीच्या मुलीला एवढं गणित खूप झालं. थोरल्याच्या हाती स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा द्या. कोरड्या पोह्यांचं वजन करायचं, मग चाळणीत धुऊन निथळल्यावर पुन्हा करायचं. मधला फरक म्हणजे पोह्यांनी प्यायलेलं पाणी. पण काट्यावर ठेवण्याआधी दोघांनीही आपापला अंदाज कागदावर लिहायचा. ही अट मोडू नका. आकडा आधी दिसला की विचार करायचं कारणच उरत नाही.

पोह्यांवर आणखी दोन गोष्टी होतात. आपल्याकडे दुकानात पोह्यांचं मोठं भांडं उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेलं असतं, म्हणून ते सकाळभर मऊ राहतात. घरी दोन वाट्या तयार पोहे काढा, एक झाकलेली, एक उघडी. तासाभराने दोन्ही चाखून बघा. वाफ, कोरडी हवा, बाष्पीभवन हे सगळं त्यात आलं, आणि तुम्हाला फळा लागला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे एका ताटलीत तांदूळ, जाड पोहे, पातळ पोहे आणि मुरमुरे शेजारी शेजारी ठेवा. मिळाली तर मूठभर साळही. हे सगळं एकाच दाण्याचं आहे, हे मोठ्यांनाही कधी कधी चटकन सुचत नाही. साळ भिजवायची, भाजायची, दाबून चपटी करायची, की पोहे. मग थोरल्याला विचारा, आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत मुख्यतः गहू आणि सोयाबीन, मग इंदूरला एवढे पोहे येतात कुठून? नकाशा काढा आणि छत्तीसगड दाखवा, तो धानाचा मुलूख. १ नोव्हेंबर २००० पर्यंत तो आपल्याच मध्य प्रदेशात होता, हेही त्याच वेळी सांगून टाका.

पोह्यांवर भुरभुरायचा जीरावण मसाला वाचन-लेखनाला चांगला. जिरे, धणे, बडीशेप, सुंठ, आमचूर, काळं मीठ, हिंग असे छोटे डबे मांडा, धाकटीचे डोळे बांधा, वासावरून नाव सांगू द्या. तिखट आणि मिरपूड या खेळात आणू नका, नाकात गेली तर खेळ तिथेच संपतो. ओळखलेल्या डब्याची चिठ्ठी तिनेच लिहायची. शाळेत हिंदी-इंग्रजी चालतं, घरी निदान डब्यांवर मराठी असू द्या. ‘सुंठ’वरचा अनुस्वार विसरली तर लगेच खोडून दाखवू नका. दुसऱ्या दिवशी आजीने तोच डबा मागितला की ती स्वतः वाचेल आणि अडखळेल. तेव्हा सांगा.

थोरल्याला कृती लिहायला लावा, लिंबाच्या सरबतासारखी सोपी. आणि तुम्ही ती अक्षरशः तशीच करा. त्याने ‘साखर टाका’ एवढंच लिहिलंय? मग कुठे टाकायची, किती टाकायची? ओट्यावरच एक चमचा टाकून दाखवा. हसून हसून पुरेवाट होते आणि तो कागद ओढून घेऊन पुन्हा लिहितो. ‘निबंध दुरुस्त कर’ म्हटलं असतं तर त्याने वहीसुद्धा उघडली नसती.

आता साबुदाणा. यात सासूबाई गुरू, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. साबुदाणा धुऊन काचेच्या पेल्यात घ्या, जिथवर आलाय तिथे पेल्याला रबर लावा. पाणी किती घालायचं हे आजी बोटाच्या पेरावर सांगतील, ते मुलांनी पट्टीने मोजून लिहून ठेवायचं. दर तासाला उंची बघायची. पहिलीची मुलगी चित्र काढेल, तिसरीचा तक्ता करेल. शेजारी दुसऱ्या पेल्यात थोडा साबुदाणा कढत पाण्यात टाकून बघा (पाणी तुम्ही ओता). तो फुलण्याऐवजी बाहेरून चिकट होऊन एकमेकांना धरतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, कढत पाण्यात त्याचा वरचा थर खळीसारखा होतो. आजी गार पाणीच का घालतात, ते मुलांना तेव्हा कळतं.

याच खिचडीवर थोरल्यासाठी एक मोठी गंमत आहे. साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून, आपल्याकडे येतो तो मुख्यतः तमिळनाडूच्या सेलमकडून. पण तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच, बटाटा तिथलाच. मिरचीही अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांची जहाजं येऊ लागल्यानंतरच या गोष्टी आपल्याकडे रुळल्या. म्हणजे एकादशीच्या खिचडीतले चारही मुख्य जिन्नस समुद्रापलीकडचे! जगाच्या नकाशावर चार बाण काढायला सांगा. सासूबाईंना मात्र हे जरा बेतानेच सांगा, आणि उपास सोडल्यानंतर सांगा.

सध्या आंब्याचे दिवस आहेत. आमरस करणार असाल त्या दिवशी काटा पुन्हा बाहेर काढा. सगळ्या आंब्यांचं वजन, मग साली आणि कोयी यांचं वजन, उरला तो रस. बदाम आणि लंगडा या दोन्ही जातींचे आंबे आणले असतील तर कुणाची कोय जड, यावर पैज लावा. पावकिलो म्हणजे अडीचशे ग्रॅम, पाऊण किलो म्हणजे साडेसातशे, हे पाठ करून घेण्यापेक्षा इथे पटकन बसतं. अपूर्णांकांची पहिली ओळख पोळीवर होतेच, अर्धी, पाव, पाऊण. त्याला वेगळा उपक्रम कशाला हवा?

त्या साली-कोयींचं पुढे काय होतं, हा विषय इंदूरच्या मुलांइतका जवळचा कुणालाच नाही. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर म्हणून आपण मिरवतो, कचरागाडीचं गाणं धाकटीलाही पाठ असेल. पण गाडीत टाकलेला ओला कचरा जातो कुठे, हे विचारून बघा, बहुतेक मुलं ‘लांब’ म्हणतात. देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याचा मोठा प्रकल्प आहे, फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला. सुरू झाला तेव्हाची क्षमता दिवसाला ५५० टन ओला कचरा आणि त्यातून सुमारे १७,००० किलो गॅस. त्या गॅसवर शहरातल्या बसही धावतात. एवढं सांगून झालं की मुलांना घरचा ओला कचरा आठवडाभर रोज तोलू द्या. थोरला वारांचा स्तंभालेख काढेल. कोणत्या दिवशी जास्त झाला आणि का? कलिंगड आणलं त्या दिवशी उंच खांब उभा राहील, ते त्याने स्वतः शोधलं पाहिजे. १ टन म्हणजे १००० किलो हे सांगा आणि विचारा, आपल्यासारखी किती घरं मिळून एक टन होईल? उत्तर अचूक यायची गरज नाही, तो कुठल्या बाजूने विचार करतोय तेवढं ऐका. धाकटीला ओला-सुका वेगळा करायला द्या, मुद्दाम अडचणीच्या वस्तू मध्ये घालून: चहाची भिजलेली पुडी, तेलकट कागद, अंड्याचं टरफल. तिथे वाद होतात, तेच हवंय.

विज्ञानाचं म्हणाल तर हळद सगळ्यात सोपी. हळद पाण्यात कालवून कागदाच्या पट्ट्यांना फासा, वाळवा. मग साबणाचं पाणी, खायच्या सोड्याचं पाणी, लिंबू, ताक, चिंचेचं पाणी यांचा एकेक थेंब. साबणाने ठळक लाल, सोड्याने जरा फिकट, आंबट पदार्थांनी पिवळाच. लाल डागावर लिंबू पिळलं की परत पिवळा. आम्ल-अल्क हे शब्द तिसरीला आत्ता नाही कळले तरी चालतील. वरणाचा डाग पडलेला सदरा साबण लावल्यावर लाल का होतो, हे कळलं की झालं. जुने कपडे घाला, ओट्यावर वर्तमानपत्र पसरा.

दही तर तुम्ही लावताच. एकाच दुधाच्या दोन वाट्या करा, सारखंच विरजण, एक बाहेर, एक फ्रिजमध्ये. सकाळी कुठलं लागलं आणि कुठलं दूधच राहिलं? मोड आलेले मूग सगळेच करतात, त्यावर लिहीत बसत नाही.

गॅसबद्दल तुमचं बरोबर आहे. फोडणी, तळण, कुकर, मिक्सर ही मोठ्यांची कामं. पण ‘लांब बस’ म्हणून मुलं लांब बसत नाहीत, त्यांना जेवणाच्या टेबलाशी किंवा खाली पाटावर स्वतःची जागा द्या. केळं, उकडलेला बटाटा बोथट सुरीने कापणं, कोथिंबीर निवडणं, शेंगा सोलणं, कणीक मळणं पहिलीच्या मुलीला जमतं. कच्ची कणीक तोंडात घालू देऊ नका. आणि शेजारचं चार वर्षांच्या आतलं बाळ खेळायला येत असेल तर शेंगदाणे आणि फुटाणे आधी उचलून ठेवा, घशात अडकतात.

एक जपा, प्रत्येक गोष्टीची परीक्षा करू नका. एका वेळी एकच प्रश्न. ‘किती ग्रॅम? मग त्याचे दुप्पट किती? पाढा म्हण बघू’ असं सुरू झालं की तिसऱ्या दिवशी दोघं स्वयंपाकघरात फिरकणार नाहीत. अभ्यासात मागे पडतील का, ही भीती तुम्ही शेवटी लिहिली आहे. सरकारने २०२१ मध्ये निपुण भारत हे अभियान आणलं, त्याचंही उद्दिष्ट एवढंच की तिसरी संपेपर्यंत मुलाने समजून वाचावं आणि साधे हिशेब करावेत. वर लिहिलेल्यात यातलंच सगळं आहे.

एखाद्या दिवशी बाहेर खायला जाणार असाल तर थोरल्याच्या हातात ठरलेली रक्कम द्या. फलक त्यानेच वाचायचे, चौघांची आवड विचारायची, बेरीज करून मगच मागवायचं. भुट्ट्याचा कीस दोनांत एक पुरेल का, शिकंजी मोठी घ्यावी की दोन छोट्या, हे त्याने ठरवायचं. उरलेले पैसे त्याचे, नाहीतर तो हिशेब मनापासून करणार नाही. सराफ्याच्या खाऊबाजारात रात्री नेऊ नका या कामासाठी, त्या गर्दीत फलक वाचायला कुणी उभंच राहू देत नाही. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत सकाळी जा, तिथे दुकानं ओळीने आहेत आणि त्याला दोन ठिकाणचे भाव ताडून बघायला सवड मिळते.