सोळा वर्षं टूल रूमला काढली तरी पगार का अडकतोय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की आयटीआय फिटर करून बेळगावच्या उद्यमबागेत सोळा वर्षं टूल रूमला (कारखान्याचे साचे-हत्यारं बनवायची जागा) आहात, प्रेस टूल (पत्रा कापायचा-वाकवायचा पंच-डायचा साचा) आणि फिक्स्चर (मशिनवर पीस पकडून ठेवायचं साधन) दोन्ही येतंय, तरी परवा लागलेल्या डिप्लोमाच्या पोराला तुमच्या जवळपास पगार, मग अनुभवी टूल अँड डाय मेकरचा पगार ठरतोय तरी कशावर. मी पण बेळगावचाच, काही वर्षं भोसरीत काम करून परत आलो, आता इथं एका टूल रूमला सुपरवायझर आहे आणि माणूस घेताना मालकाच्या शेजारच्या खुर्चीवर बसतो, त्यामुळं पलीकडच्या बाजूनं काय बघतेत तेवढं सांगू शकतो.

वर्षं कुणी मोजत नाही हो. म्हणजे बायोडाटावर मोजतेत, बोलवायचं का नाही ते ठरवायला, पण आकडा ठरताना मालकाच्या डोक्यात एकच असतंय की हा माणूस उद्या आला नाही तर माझं काय अडणार. सोळा वर्षं सरफेस ग्राइंडरवर प्लेटी मारणारा माणूस कितीही सफाईदार असू दे, त्याच्या जागी दुसरा मिळतोय. डाय प्रेसवर चढवल्यावर पीस बरोबर येईना म्हटल्यावर ज्याला हाक मारतेत, तो मिळत नाही.

मी इंटरव्ह्यूला आलेल्याच्या हातात एक खराब पीस देतो. २ एमएम सीआरसीए (कोल्ड रोल केलेल्या) पत्र्याचा ब्लँक (कापलेला तुकडा), एका बाजूला बोटाला टोचंल एवढी बर (कापलेल्या कडेला उरलेली खरबरीत धार) आणि समोरच्या बाजूला नावाला. बरेचजण बघताक्षणी म्हणतेत पंच (पत्रा कापणारा वरचा भाग) बोथट झालाय, रीग्राइंड करू. थोडेजण पीस उजेडाला धरून कड बघतेत, चकचकीत पट्टी कुठल्या बाजूला रुंद आहे आणि फाटलेला भाग कुठं जास्त आहे ते, आणि मग विचारतेत की गाइड बुश (पंच-डाय सरळ रेषेत ठेवणारं) कधी बदललंय, प्रेसच्या रॅमला (वरखाली होणाऱ्या भागाला) प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे का. आता हिशेब बघा, २ एमएम पत्र्याला एका बाजूचा क्लीअरन्स (पंच आणि डायमधली फट) जाडीच्या ६ टक्के धरला तर ०.१२ एमएम, आणि पंच नुसता ५० मायक्रॉन सरकला की एकीकडं ०.०७ आणि दुसरीकडं ०.१७, मग बर एकाच बाजूला येणार, त्यात धारेचा काय संबंध. अशा वेळी ग्राइंड मारलं तर दोन-चार दिवस बरं वाटतंय, परत तेच, आणि प्रत्येक ग्राइंडिंगला डायचं आयुष्य कमी होतंय ते वेगळंच. बुश विचारणाऱ्या माणसाला मालक दोन हजार जास्त द्यायला कुरकुर करत नाही, कारण त्याच्या डोळ्यासमोर थांबलेली प्रेस आणि कस्टमरचा फोन असतोय.

म्हणून तुम्ही स्वतःला आधी विचारा की ट्रायलला (नवीन टूल पहिल्यांदा चालवून बघताना) कोण उभं राहतंय, तुम्ही का दुसरा कोण? ड्रॉइंगप्रमाणं पार्ट करून असेंब्ली करून दिली आणि ट्रायलला सुपरवायझर गेला, असं चालू असेल तर अवघड काम तुम्ही करताय आणि नाव दुसऱ्याचं होतंय. आपल्याकडं हे लई चालतंय.

दुसरी गोष्ट गावाची. बेळगाव हे फाउंड्रीचं आणि हायड्रॉलिकचं गाव, कास्टिंग, पंप, व्हॉल्व्ह, सिलिंडर, हे आपलं मुख्य. प्रोग्रेसिव्ह डाय (टप्प्याटप्प्यानं पीस बनवणारी) आणि इंजेक्शन मोल्डचं (प्लास्टिकच्या साच्याचं) मोठं मार्केट पुणे, औरंगाबाद, बेंगळुरू, होसूरकडं. त्यामुळं इथं राहून तुम्ही नुसतं प्रेस टूल प्रेस टूल करत बसलात तर गिऱ्हाईकच कमी, चार-पाच दारं हिंडून झाली की संपलं, आणि सगळे मालक एकमेकांना ओळखतेत, कोण किती देतोय हे चहाच्या टपरीवर आधी कळतंय. तेच फिक्स्चर आणि पॅटर्नमध्ये (कास्टिंगचा साचा ज्यावरून बनतोय तो नमुना) बोलायला जागा आहे.

व्हॉल्व्ह बॉडीचं घ्या. स्पूल (आत सरकणारा दांडा) आणि त्याच्या बोअरमधला (भोकातला) फरक काही मायक्रॉनचा, त्याच्यावरच लीकेज ठरणार. मशिनवर क्लॅम्प असताना बोअर गेज बरोबर दाखवतंय, क्लॅम्प सोडला की बोअर लंबगोल. व्हीएमसीचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशिनचा) ऑपरेटर म्हणतोय टूलची चूक, प्रोग्रामर म्हणतोय मशिनची, क्वालिटीवाला सगळं रिजेक्ट करून मोकळा. मुळात क्लॅम्पचा जोर जिथं पडतोय त्याच्याखाली सपोर्टच नाही, म्हणून कास्टिंग दाबून वाकतंय आणि सोडल्यावर परत मूळ आकाराला येतंय. नाहीतर लोकेशन पिन नेमकी पार्टिंग लाइनवर (साच्याचे दोन भाग जुळतात त्या रेषेवर) घेतलेली, तिथं प्रत्येक कास्टिंगची फेटलिंग (घासून केलेली सफाई) वेगळी, मग पीस दर वेळी वेगळा बसणार. हे ज्याला फिक्स्चर बघूनच कळतंय आणि फाउंड्रीत जाऊन पॅटर्नवाल्याशी पण चार शब्द बोलता येतेत, श्रिंकेज अलाउन्स (थंड होताना आकसण्याची सूट) किती धरलाय, ड्राफ्ट (पॅटर्न सुटून निघायचा उतार) कुठल्या बाजूला दिलाय, कोअर (आतली पोकळी बनवणारा भाग) कुठं सरकतोय, त्या माणसाला बेळगावात नोकरी शोधावी लागत नाही. माझं प्रामाणिक मत, या भागात राहायचं असेल तर हाच रस्ता सगळ्यात खात्रीचा.

हत्तरगीला एकस कंपनीचं एरोस्पेस एसईझेड (विमानाच्या भागांचं विशेष आर्थिक क्षेत्र) आहे, तिकडची गोष्ट जरा वेगळी. तिथं हातापेक्षा कागद जास्त, म्हणजे प्रत्येक फिक्स्चरचा सीएमएम (मोजमापाच्या मशिनचा) रिपोर्ट, रिव्हिजन नंबर, पहिल्या पीसचा पूर्ण तपासणी रिपोर्ट, मनानं एक डॉवेलसुद्धा (जागा पक्की करणारी पिन) हलवायची नाही. आपल्यातल्या जुन्या लोकांना याचा कंटाळा येतोय, "आम्ही काय क्लार्क आहे का" म्हणतेत. पण त्या कागदाचेच पैसे असतेत तिथं, आणि जीडी अँड टी (ड्रॉइंगवरच्या आकार-जागेच्या टॉलरन्सच्या खुणा) नीट वाचता येणारा टूल मेकर तिथून पुढं कुठंही जाऊ शकतोय.

आता त्या डिप्लोमाच्या पोराचं. तो जीटीटीसीचा (कर्नाटक सरकारचं टूल रूम ट्रेनिंग सेंटर) असेल किंवा धारवाडच्या एनटीटीएफचा (तसलीच खासगी संस्था). जीटीटीसीचा टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा तीन वर्षं अधिक एक वर्ष कंपनीत ट्रेनिंग असा असतोय, म्हणजे पोरगा येतानाच मशिनवर हात बसवून येतोय, शिवाय थ्रीडी मॉडेल उघडतोय, एनएक्स नाहीतर मास्टरकॅम सॉफ्टवेअरला मशिनचा प्रोग्राम काढतोय, वायरकटची (तारेनं, विजेच्या ठिणगीनं स्टील कापणारं मशिन) फाइल देतोय. पूर्वी डायचं ओपनिंग कानस मारून, निळं लावून, पंचाला मॅच करत दिवसच्या दिवस जायचे, त्या हाताला भाव होता. आज हार्डन केलेल्या डी-२ स्टीलच्या प्लेटीत वायरकट रात्रभर एकटं कापत बसतंय आणि सकाळी ओपनिंग तयार, तेही ६० एचआरसी कडकपणाला. त्यामुळं नुसत्या फायलिंगच्या हाताची किंमत पडली हे मान्य करायलाच पाहिजे, रागावून उपयोग नाही. पण वायरकटनं कापलेली डाय ट्रायलला फसली की पोरगं तुमच्याकडंच बघतंय की नाही? ड्रॉ डायला (पत्रा ओढून कप बनवणाऱ्या) सुरकुत्या आल्या तर ब्लँक होल्डरचा (पत्र्याची कड दाबून धरणारा भाग) जोर वाढवायचा, कप फाटायला लागला तर तो कमी करायचा, रेडियस आणि पॉलिश बघायचं, आणि दोन्ही एकदम होत असेल तर कुठून सुरुवात करायची, हे स्क्रीनवर बघून सगळं कळत नाही.

तेव्हा त्याच्याशी भांडू नका, सौदा करा. तो तुम्हाला मॉडेल उघडून सेक्शन घ्यायला आणि साधा टू-डी प्रोग्राम काढायला शिकवू दे, तुम्ही त्याला ट्रायल शिकवा. तुम्हाला डिझायनर व्हायचं नाहीये, पण डिझाइन रिव्ह्यूला बसून "हा पायलट इथं चालणार नाही" (पायलट म्हणजे पत्रा नेमक्या जागी आणणारी पिन) असं स्क्रीनवर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. स्टील कापायच्या आधी चूक धरणारा आणि कापल्यावर वेल्डिंग मारून दुरुस्त करणारा, दोघांच्या पगारात फरक पडतोच.

गाव सोडायचं का, हे सगळेच विचारतेत. पुण्याला, चाकण-भोसरीला आकडा मोठा दिसतोय खरा, पण खोलीभाडं, पोरांची शाळा, आणि दर सणाला यायचं-जायचं भाडं वजा केलं की घर असलेल्या बेळगावच्या माणसाच्या हातात किती उरतंय ते कागदावर मांडून बघा. एकटा असाल, पंचवीस-तिशीत असाल तर जा, डोळे झाकून जा, कारण तिथल्या मोठ्या टूल रूममध्ये जे टूल बघायला मिळतेत ते इथं मिळणार नाहीत आणि परत आल्यावर त्याचेच पैसे मिळतेत. चाळिशीत, घर-शेती इथं असताना, नुसत्या आकड्याला भुलून जाऊ नका. निपाणी-संकेश्वरकडचे असाल तर कागल फाइव्ह स्टार एमआयडीसी आणि गोकुळ शिरगाव घरून जाऊन-येऊन करता येतंय, हायवे एकच, तिकडं ऑटोचं आणि फाउंड्रीचं काम भरपूर. खानापूरचे लोक गोव्याला वेर्ण्याला पण बघतेत. बेंगळुरूला भाषेचा प्रश्न आपल्याला तसा नाही, कामापुरतं कन्नड आपल्या सगळ्यांना येतंय, पुण्याच्या पोरापेक्षा आपण तिथं एक पाऊल पुढंच.

जॉब शॉप (बाहेरच्या कंपन्यांची कामं घेणारं वर्कशॉप) का कंपनीची स्वतःची टूल रूम, यात पण फरक आहे. जॉब शॉपला शिकायला जास्त, ओव्हरटाइम जास्त, पण ऑर्डर आटल्या की पहिला कात्रीत सापडतोय तो टूल रूमचा माणूस. कंपनीच्या टूल रूमला मेंटेनन्सचं काम जास्त, नवीन टूल कमी, पण बोनस, कँटीन, बस, सगळं वेळेवर.

आणि आता पगाराच्या कागदाकडं या, कारण आपली माणसं टूलच्या ड्रॉइंगमधला एक मायक्रॉन सोडत नाहीत आणि अपॉइंटमेंट लेटर न वाचता सही करतेत. महिन्याला हातात किती, एवढंच विचारू नका, बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) किती ते विचारा. ग्रॅच्युइटी शेवटच्या बेसिक-डीएवर, वर्षाला १५ दिवस, २६ नं भागून. बेसिक २०,००० असेल तर पंधरा वर्षांचे साधारण १,७३,००० होतात, तोच १२,००० दाखवला असेल तर १,०३,८००. एकूण पगार दोघांचा सारखाच, आणि सोडताना सत्तर हजारांचा फरक. पीएफचं पण तसंच, १२ टक्के कशाच्या ते बघा, बऱ्याच ठिकाणी १५,००० च्या मर्यादेवरच कापतेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी वेतन संहिता लागू झालीय, त्यात भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा आहे, त्यामुळं बेसिक छोटं ठेवून बाकी सगळं भत्त्यात घालायची जुनी युक्ती आता तशी चालत नाही. नवीन स्लिप आली की जुन्या स्लिपच्या शेजारी ठेवून बघा.

ओव्हरटाइम दुप्पट दरानं द्यायचा हा कायदाच आहे. समजा ओव्हरटाइमला धरायचं वेतन ३१,२०० आहे, महिन्याचे २६ दिवस गुणिले ८ म्हणजे २०८ तास, तासाला १५० झाले, ओव्हरटाइमला ३००. ट्रायलच्या आठवड्यात वीस तास जास्त बसलात तर ६,०००. आपल्याकडं बरेच ठिकाणी हे सिंगल रेटनं देतेत, किंवा "सुट्टी घे की नंतर" म्हणून भागवतेत, आणि अनुभवी माणसाला तर "तू स्टाफमध्ये" म्हणून ओव्हरटाइमच बंद करतेत. स्टाफ केलं म्हणून खूश होण्याआधी मागच्या वर्षीचा ओव्हरटाइम मोजा, कधीकधी प्रमोशनमध्ये पगार कमी होतोय.

अजून एक, २१,००० च्या वर पगार गेला की ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) सुटतंय. पगारवाढ मागताना त्याच वेळी घरच्यांसकट ग्रुप मेडिक्लेम पण मागा, नाहीतर वाढलेले पैसे एका ऑपरेशनला जातेत.

वाढ मागायला जाताना "सोळा वर्षं झाली" हे वाक्य घरी ठेवून जा. गेल्या वर्षात कुठल्या कुठल्या टूलची ट्रायल तुम्ही काढली, कुठलं फिक्स्चर बदलल्यावर रिजेक्शन थांबलं, बाहेर दुरुस्तीला जाणारी कुठली डाय आत झाली, हे साध्या वहीत टूल नंबर घालून लिहून न्या. मालक माणूस आकड्याचाच असतोय, त्याला त्याच्याच भाषेत दाखवा. आणि मागायची वेळ नवीन टूलची ऑर्डर आल्यावर, मार्चएंडला आणि दिवाळीच्या तोंडावर नको, तेव्हा सगळेच मागत असतेत.

स्वतःचं टाकायचा विचार असेल तर तो वेगळा विषय, त्यावर इथं लिहीत बसत नाही, फक्त एवढंच की सेकंडहँड सरफेस ग्राइंडर आणि मिलिंग घेऊन, वायरकट बाहेरून करून, फिक्स्चर दुरुस्तीवर सुरुवात केलेले आपल्या भागात भरपूर आहेत, पैसे अडकतेत ते उधारीत. तुमच्याकडं सध्या ट्रायल कोण काढतंय आणि बेसिक किती आहे एवढं खाली लिहा, मग कुठं बोलायला जागा आहे ते नेमकं सांगतो.