वांग्याचं पान, कोरा जेल आणि बी.एड.चा विचार

ताई नमस्कार, पत्र वाचलं. लेक बडोद्याच्या एम.एस. युनिव्हर्सिटीत बी.एस्सी. बॉटनीच्या शेवटच्या वर्षाला, प्रोजेक्टमधे वांग्याच्या पानाचा डीएनए काढून नेस्टेड पीसीआर करतेय (म्हणजे डीएनएचा हवा तो तुकडा दोन राउंडमधे वाढवायचा), महिना झाला तरी जेलवर, जिथे तो तुकडा पट्ट्यासारखा, म्हणजे बँड म्हणून दिसायला हवा, तिथे काही दिसत नाही, घरी येऊन रडते, आणि तुम्ही विचारताय की हे सोडून बी.एड.ला घालू का. माझं म्हणाल तर आत्ता अजिबात नको.

काम खरंच किचकट आहे हो. वांग्याला बोकड्या होतो ना, पानं बारीक होऊन झुपका येतो, तो फायटोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्म जंतूमुळे, आणि हा जंतू झाडात इतका कमी असतो की एका पीसीआरमधे बरेचदा सापडतच नाही. म्हणून आधी पी1-पी7 हे बाहेरचे प्रायमर (तुकडा कुठून कुठपर्यंत वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे), मग तेच प्रॉडक्ट पातळ करून आतले प्रायमर, तेव्हा कुठे साधारण 1.2 केबीला, म्हणजे 1200 डीएनए-अक्षरांच्या लांबीला, बँड येतो. त्यात वांगं चिरल्यावर ज्यामुळे काळं पडतं ते पॉलिफेनॉल पानातही असतात, डीएनएबरोबर येतात आणि पीसीआरच्या एन्झाइमचं काम अडवतात. तिला विचारा, डीएनए काढायच्या सीटॅब बफरमधे पॉलिफेनॉल पकडणारं पीव्हीपी घातलं का, डीएनए दहापट पातळ करून बघितला का, आणि त्याच डीएनएवर वांग्याच्या स्वतःच्या एखाद्या जीनचा पीसीआर लावून बघितला का? त्याचाही बँड आला नाही तर घोळ बहुधा डीएनएतच आहे, पुढचं सगळं नंतर. आणि पहिल्या राउंडची नुसत्या पाण्याची ट्यूब दुसऱ्या राउंडलाही न्यायचीच, कारण मधे ट्यूब उघडताना कंटॅमिनेशन, म्हणजे दुसऱ्या डीएनएची भेसळ, होऊ शकतं आणि पाण्यातच बँड आला तर बाकीच्या बँडवर विश्वास कसा ठेवणार.

हे ज्याला नीट सांगता येतं ना त्याला एमएस्सीच्या लॅबमधे आणि नोकरीच्या इंटरव्ह्यूमधे मान मिळतो, मशीन चालवायला तर कुणीही शिकतं. टिश्यू कल्चरची केळीची रोपं विकण्याआधी व्हायरससाठी तपासतात, तिथे हेच काम असतं, आणि आपल्या गुजरातेत केळी काय कमी आहे का. बाहेरच्या सर्टिफिकेट कोर्सला पैसे भरू नका, जे शिकायचंय ते तिच्या टेबलावरच आहे.

प्रोजेक्ट पुरा करू दे, रोजच्या वहीत फसलेले जेलसुद्धा फोटोसकट चिकटवायला सांगा, सोबत जीएटी-बी आणि आयआयटी जॅम या एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षांची तयारी. बी.एड. एमएस्सीनंतरही करता येतं, तेव्हा तिला शिकवायचीच ओढ असेल तर मीच म्हणेन, खुशाल कर.